‘नोड’ हे नाव कोणाचे?

उबुंटू २२.०४ वर नोड-जेएसची नवी आवृत्ती एखाद्या त्रयस्थ भांडारातून बसवू पाहणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना एकच संदेश भेटलेला आहे. काम निम्म्यावर आलेले असते, पडद्यावर ओळी सरकत असतात आणि अचानक सारे थांबते. संदेशाचा मराठी आशय असा : ‘/यूएसआर/इन्क्लुड/नोड/कॉमन.जीवायपीआय’ ही फाइल लिहिण्याचा प्रयत्न होत आहे. परंतु ती ‘लिबनोड-डेव्ह’ १२.२२.९ या पॅकेजाचीही आहे. यापुढे यंत्र ते पॅकेज बसवण्यास नकार देते.

यावर एक उपाय चटकन सापडतो. ‘फोर्स-ओव्हरराइट’ हा पर्याय जोडून तीच आज्ञा पुन्हा द्यावी, म्हणजे जुन्या फाइलीवर नवी फाइल बेधडक लिहिली जाते. संदेश नाहीसा होतो, काम पुढे सरकते. मात्र त्या डिरेक्टरीत आता काही फाइली नव्या आवृत्तीच्या असतात आणि ज्यांना नवी जोडीदार मिळाली नाही त्या जुन्याच राहतात. त्यांच्या आधारे पुढे एखादी आज्ञावली संकलित केली, तर ती कोणत्या आवृत्तीसाठी बनली हे सांगणे कठीण. दुसरा उपाय अधिक सरळ आहे, पण त्यासाठी क्षणभर विचार करावा लागतो. ‘लिबनोड-डेव्ह’ हे जुन्या नोड-जेएसचे विकासकांसाठीचे पॅकेज आहे. नवे पॅकेज त्याच फाइली स्वतःबरोबर आणते. म्हणून आधी जुने काढावे, मग नवे बसवावे. पहिल्या उपायात यंत्राचा प्रश्न दडपला जातो, दुसऱ्यात त्याचे उत्तर दिले जाते. प्रश्न एवढाच असतो : ही फाइल कोणाची?

लिनक्सला हा प्रश्न विचारता येऊ लागला, ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. त्यामागे तीन दशकांचा इतिहास आहे. आणि त्यातील सर्वांत बोधक प्रकरण योगायोगाने ‘नोड’ याच शब्दाभोवती फिरते.

लिनक्सच्या आरंभीच्या काळात सॉफ्टवेअर ‘बसवणे’ म्हणजे फाइलींचा गठ्ठा सोडून त्या ठरलेल्या जागी टाकणे, एवढेच होते. मूळ आज्ञावली आणावी, संकलित करावी आणि सिद्ध झालेल्या फाइली सामायिक डिरेक्टऱ्यांत लोटून द्याव्यात. त्या ठिकाणी त्याच नावाची फाइल आधीपासून असली तर ती नव्या फाइलीखाली गाडली जाई. जो शेवटी आला तो मालक. यात दोष लगेच दिसत नसे, हीच खरी अडचण होती. एका कार्यक्रमाने सोबत आणलेल्या जुन्या लायब्ररीने दुसऱ्याची नवी लायब्ररी पुसली, तर दुसरा कार्यक्रम त्या दिवशी नव्हे, पुढे कधीतरी त्या विशिष्ट वाटेवर गेल्यावर कोसळे. कोसळला तर नशीबच म्हणायचे. कारण तो न कोसळता निराळे उत्तरही देऊ शकत असे, आणि गणन करणाऱ्या वैज्ञानिकाच्या दृष्टीने ते अधिक घातक होते.

१९९३ च्या ऑगस्टमध्ये इयान मर्डॉक यांनी डेबियन प्रकल्पाची घोषणा केली, ती त्या वेळच्या एका लोकप्रिय लिनक्स-संचाच्या ढिसाळपणाला कंटाळून. फाइलींच्या गठ्ठ्याला नाव, आवृत्ती आणि जबाबदार व्यक्ती असावी, ही कल्पना तेथे मुळाशी होती. डेबियनचे ‘डीपीकेजी’ हे साधन आज ज्या रूपात ओळखले जाते, त्याचा पाया इयान जॅक्सन यांनी १९९४ मध्ये रचला. १९९५ मध्ये रेड हॅटच्या मार्क युइंग आणि एरिक ट्रोअन यांचे ‘आरपीएम’ आले. पुढे लिनक्सच्या बहुतेक मोठ्या शाखा या दोहोंपैकी एका कुळात मोडू लागल्या. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने जानेवारी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘बॉस’, अर्थात भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स, ही डेबियनवर आधारलेली. केरळच्या सरकारी शाळांतील लिनक्स अलीकडे उबुंटूवर, म्हणजे अप्रत्यक्षपणे डेबियनवरच उभे. कोझिकोडच्या वर्गात एखादे शैक्षणिक पॅकेज बसते तेव्हा हिशेब ठेवणारे साधन तेच असते.

हा हिशेब म्हणजे एक साधी नोंदवही आहे. प्रत्येक पॅकेजाने कोणकोणत्या मार्गावर कोणती फाइल ठेवली, याची यादी डीपीकेजी जपून ठेवते. तलाठ्याच्या दप्तरात गावातील प्रत्येक गटाचा उतारा असावा, तशी प्रत्येक फाइलीची नोंद. नवे पॅकेज आले की त्याची यादी वहीशी ताडून पाहिली जाते, आणि एखाद्या मार्गावर दुसऱ्याचे नाव आढळले की काम थांबते. यंत्र फाइलींचे श्रेष्ठत्व ठरवत नाही. नवी फाइल चांगली की जुनी, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. मालकीचा वाद आहे, तो आधी माणसांनी मिटवावा, एवढेच ते म्हणते.

वाद मिटवण्याच्या रीतीही मग हळूहळू ठरत गेल्या. एखादी फाइल एका पॅकेजातून दुसऱ्यात हलवायची असेल, तर नव्या पॅकेजाने ‘आपण जुन्याच्या अमुक आवृत्तीपर्यंतच्या फाइलींची जागा घेत आहोत’ असे जाहीर करायचे. सातबाऱ्यावरील फेरफार नोंदीसारखाच हा प्रकार. दोन पॅकेजे एकत्र नांदूच शकत नसतील, तर तसा स्पष्ट विरोध घोषित करायचा, म्हणजे एक बसताना दुसरे काढले जाते. तिसरी रीत वळणाची. ‘मोअरयुटिल्स’ या संचात ‘पॅरलल’ नावाची एक छोटी आज्ञा आहे. जीएनयू प्रकल्पाचे त्याच नावाचे साधन निराळे आणि मोठे. डेबियनमध्ये जीएनयूचे पॅकेज बसते तेव्हा आधीच्या आज्ञेला दुसऱ्या नावाकडे वळवले जाते आणि मोकळ्या झालेल्या जागी जीएनयूची आज्ञा येते. पॅकेज काढले की जुनी आज्ञा मुकाट्याने आपल्या जागी परतते.

चौथी रीत पर्यायांची, आणि भौतिकीच्या विद्यार्थ्यांनी ती विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. रेषीय बीजगणिताच्या ‘ब्लास’ या लायब्ररीच्या अनेक घडणी उपलब्ध आहेत : संदर्भासाठी लिहिलेली मूळ, ‘ॲटलास’, ‘ओपनब्लास’ इत्यादी. सर्वांना एकाच नावाची फाइल हवी असते, कारण गणन करणारे कार्यक्रम तेच नाव शोधत येतात. डेबियनने त्या नावाच्या जागी खरी फाइल न ठेवता एक निर्देशक ठेवला. तो कोणत्या घडणीकडे बोट दाखवेल हे यंत्राचा व्यवस्थापक ठरवतो. घडण बदलली की बेरजांचा क्रम बदलतो, आणि पूर्णांकनामुळे उत्तराचे शेवटचे अंक हलू शकतात. दोन सहकाऱ्यांच्या यंत्रांवर एकाच आज्ञावलीची उत्तरे तेराव्या-चौदाव्या दशांश स्थळी जुळत नाहीत, तेव्हा संशय आज्ञावलीवर घेण्यापूर्वी हा निर्देशक कोठे वळला आहे ते पाहणे शहाणपणाचे.

आरपीएमने येथे थोडी सूट दिली. दोन पॅकेजांतील फाइलींचा आशय तंतोतंत सारखा असेल, तर ते दोघांनाही एका फाइलीचे सहमालक होऊ देते. आशय वेगळा असला तरच अडवते. डीपीकेजी दीर्घकाळ याबाबत कडक राहिले. पुढे एकाच पॅकेजाच्या ३२ आणि ६४ बिटी आवृत्त्या शेजारी-शेजारी बसवण्याची गरज आली, तेव्हा त्यानेही त्या मर्यादित प्रसंगापुरते सहमालकीला स्थान दिले.

इथपर्यंतचे सारे यंत्राच्या आवाक्यातील होते. ‘नोड’चे प्रकरण त्यापलीकडचे.

१९८० च्या दशकापासून हौशी रेडिओचालक, म्हणजे हॅम, रेडिओ तरंगांवरून संगणकी माहिती पाठवत आले आहेत. ‘एएक्स-२५’ हा त्यांचा संदेशविनिमयाचा नियमसंच. या जाळ्यातील एखादे केंद्र दुसऱ्याशी जोडले जाण्यासाठी जेथे येऊन ‘दार ठोठावते’ तो कार्यक्रम म्हणजे ‘नोड’. डेबियनमध्ये तो याच नावाने, ‘/यूएसआर/एसबिन/नोड’ या मार्गावर नांदत होता. वापरणारे थोडे, पण ते थोडे लोक कोण, हेही पाहावे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमान-निकोबारची दूरध्वनी यंत्रणा कोलमडली, तेव्हा योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या हौशी रेडिओचालकांच्या चमूने मुख्य भूमीशी संपर्क टिकवून धरला होता. हौस हा शब्द त्यांच्या कामाला अपुरा पडतो.

२००९ मध्ये रायन डाल यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा ब्राउझरच्या बाहेर, सर्व्हरवर चालवणारे नोड-जेएस लोकांपुढे मांडले. त्याची मुख्य आज्ञाही ‘नोड’. दोन-तीन वर्षांतच त्याचा इतका बोलबाला झाला, की जगभर लिहिल्या जाणाऱ्या असंख्य आज्ञावलींच्या पहिल्याच ओळीत ‘ही फाइल नोड या आज्ञेने चालवावी’ असे लिहिलेले असे. डेबियनमध्ये ते ‘/यूएसआर/बिन/नोड’ या मार्गावर येऊ पाहत होते.

काटेकोरपणे पाहिले तर येथे फाइलींचा संघर्षच नव्हता. एक फाइल ‘एसबिन’मध्ये, दुसरी ‘बिन’मध्ये, नोंदवहीत दोन वेगळे मार्ग, डीपीकेजीने दोन्ही पॅकेजे निमूटपणे बसवली असती. पण नुसते ‘नोड’ असे टंकले, की कोणता कार्यक्रम सुरू होईल हे त्या वापरकर्त्याच्या शोधमार्गात कोणती डिरेक्टरी आधी येते त्यावर ठरणार. साध्या वापरकर्त्याला एक मिळणार, व्यवस्थापकाला दुसरा. यंत्राला न दिसणाऱ्या या गोंधळासाठी डेबियनच्या धोरणपत्रात एक नियम आधीच होता : निराळे काम करणाऱ्या दोन कार्यक्रमांना एकच नाव असता कामा नये. असे घडल्यास कोणी नाव बदलावे यावर चर्चेने एकमत करावे. आणि एकमत झाले नाही, तर दोघांनीही नाव बदलावे.

या शेवटच्या वाक्यात मोठे शहाणपण आहे. जो आधी आला त्याचे नाव, असे म्हटले असते तर जुन्यांना तडजोडीचे कारण उरले नसते. ज्याचे वापरकर्ते अधिक त्याचे नाव, असे म्हटले असते तर नव्यांनी चर्चेला बसण्याची तसदीही घेतली नसती. हट्ट धरला तर दोघेही गमावतील, अशी तजवीज असल्याने दोघांनाही बोलणे भाग पडते. निदान अपेक्षा तशी होती.

प्रत्यक्षात बोलणे लांबत गेले. नोड-जेएसच्या बाजूचा युक्तिवाद उघड होता : जगभरची आज्ञावली हे नाव गृहीत धरते, डेबियनने ते बदलले तर डेबियनवर काहीच चालणार नाही. रेडिओच्या बाजूचा युक्तिवाद तितकासा दिसणारा नव्हता, पण हलका मुळीच नव्हता. रेडिओ केंद्रांच्या संरचना-फाइलींत कार्यक्रमाचा पूर्ण मार्ग हाताने लिहिलेला असतो. केंद्र एखाद्या डोंगरमाथ्यावर असेल, त्याच्याशी बोलण्याची वाट तो कार्यक्रमच असेल आणि अद्ययावत करताना त्या फाइलीचे नाव बदलले, तर ते केंद्र पुन्हा जागे करण्यासाठी कोणालातरी डोंगर चढावा लागेल. लाखो नवख्यांची गैरसोय एका पारड्यात, मोजक्या केंद्रांचे मुके होणे दुसऱ्या पारड्यात. या दोहोंची तुलना कोणत्या एककात करायची?

प्रकरण डेबियनच्या तांत्रिक समितीकडे गेले. जुलै २०१२ मध्ये समितीने निर्णय दिला, आणि तो धोरणपत्राच्या अक्षराला धरून होता : दोघांनीही नाव बदलावे. रेडिओचा कार्यक्रम ‘एएक्स२५-नोड’ झाला. नोड-जेएसची आज्ञा ‘नोडजेएस’ झाली. ज्यांना जुन्या सवयीप्रमाणे ‘नोड’ हवे असेल त्यांच्यासाठी ‘नोडजेएस-लेगसी’ नावाचे एक चिमुकले पॅकेज निघाले. त्यात त्या नावाचा केवळ एक निर्देशक होता. आणि डेबियनमधील इतर कोणत्याही पॅकेजाने या निर्देशकावर विसंबू नये, असेही समितीने बजावले.

निर्णय न्याय्य होता, सोयीचा नव्हता. उबुंटू हे डेबियनचे अपत्य असल्याने नामांतर तेथेही पोहोचले. पुस्तकात वाचून ‘नोड’ टंकणाऱ्या नवशिक्याला ‘अशी आज्ञा नाही’ हे उत्तर मिळू लागले, आणि का नाही हे त्या उत्तरात कोठेही लिहिलेले नसे. हॅम रेडिओचे नावही न ऐकलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी त्या काळात त्याची किंमत नकळत चुकती केली. ती अवाजवी होती असे मात्र म्हणता येत नाही. त्यांची अडचण एका पॅकेजाने सुटत होती. डोंगरावरच्या केंद्राची सुटली नसती.

‘नोड’ हे एकटे उदाहरण नव्हे. आज जगभर वापरले जाणारे ‘गिट’ डेबियनमध्ये बरीच वर्षे ‘गिट-कोअर’ या पॅकेजनावाने राहिले, कारण ‘गिट’ हे नाव जीएनयूच्या एका जुन्या साधनसंचाने घेतलेले होते. मजकूर शोधणारे ‘ॲक’ तेथे ‘ॲक-ग्रेप’ झाले. मूळ नाव जपानी कांजी लिपीच्या संकेतांतराच्या एका कार्यक्रमाकडे होते.

दोन वेगळ्या गोष्टींना एक नाव, हा वाद अशा रीतीने नियमांनी मिटवता आला. एका गोष्टीला दोन नावे पडली तेव्हा मात्र नोंदवहीच गोंधळली.

त्याची मुळे बेल प्रयोगशाळेत आहेत. १९७० च्या दशकाच्या आरंभी केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते, तेव्हा यंत्रातील चकती इतकी लहान होती की मूळ प्रणाली तिच्यात मावेना. वापरकर्त्यांच्या फाइलींसाठी जी दुसरी चकती होती, ‘यूएसआर’ हे नाव तिचेच, तिच्यावर उरलेले कार्यक्रम सरकवण्यात आले. अशा रीतीने ‘/बिन’ आणि ‘/यूएसआर/बिन’ अशी दोन ठाणी तयार झाली. चकत्या मोठ्या झाल्या, ठाणी तशीच राहिली. पुढील पिढ्यांनी या विभागणीला निरनिराळी तात्त्विक कारणेही शोधून काढली. जुन्या वाड्यातील निरुपयोगी जिन्यालाही कोणीतरी शास्त्राधार शोधतो, तशी.

मे २०१२ मध्ये आलेल्या फेडोरा १७ ने ही विभागणी मोडली. ‘/बिन’ हा केवळ ‘/यूएसआर/बिन’कडे नेणारा निर्देशक उरला. डेबियननेही तोच मार्ग धरला, परंतु तेथे पॅकेजांच्या याद्यांमध्ये जुने मार्ग तसेच ठेवून खालची जमीन एक करण्यात आली. २०१९ च्या डेबियन १० पासून नव्या यंत्रांवर ही रचना रूढ झाली. आणि येथे डीपीकेजीच्या वहीतील एक जुने गृहीतक उघडे पडले : वेगळा मार्ग म्हणजे वेगळी फाइल.

दप्तराच्या भाषेत सांगायचे तर जमिनीचा तुकडा एकच, पण त्याला दोन गट क्रमांक. समजा, ‘क’ पॅकेजाकडे ‘/बिन/साधन’ ही फाइल आहे. नव्या आवृत्तीत ती ‘ख’ पॅकेजाकडे दिली आणि तिचा मार्ग ‘/यूएसआर/बिन/साधन’ असा लिहिला. ‘ख’ बसते. वहीत या मार्गावर दुसरा मालक नाही, म्हणून कोणी अडवत नाही. फाइल लिहिली जाते ती मात्र प्रत्यक्षात ‘क’च्याच फाइलीवर. मग ‘क’ची नवी आवृत्ती येते. तिच्या यादीत आता ‘/बिन/साधन’ नाही, म्हणून डीपीकेजी कर्तव्यबुद्धीने ती जुनी फाइल पुसते. पुसली जाते ती ‘ख’ने नुकतीच आणलेली फाइल. कोठेही तक्रार नाही, इशारा नाही; दोन्ही पॅकेजे वहीत सुस्थित दिसतात आणि चकतीवर फाइल नाही. ज्या मूक हानीपासून वाचण्यासाठी १९९४ मध्ये ही वही उघडली गेली, तीच हानी वहीच्या साक्षीने परत आली.

डीपीकेजी सांभाळणाऱ्यांचा या रचनेला सुरुवातीपासून आक्षेप होता, तो याच कारणासाठी. आक्षेप मानावा तर अर्धे जग पुढे गेलेले. न मानावा तर प्रणालीतील सर्वांत मूलभूत साधनाशी विसंगती. वाद अनेक वर्षे चालला आणि त्यात कटुताही आली. अखेर तांत्रिक समितीने २०२१ मध्ये सांगितले, की डेबियन १२ प्रसिद्ध होईपर्यंत फाइली जुन्या ठाण्यातून नव्या ठाण्यात हलवूच नयेत. जून २०२३ मध्ये, सुमारे ६४,००० पॅकेजांसह, डेबियन १२ आले. त्यानंतर बंदी उठली आणि खरे काम सुरू झाले. हेल्मुट ग्रोहने यांनी संपूर्ण भांडारातील फाइल-याद्या ताडून पाहणारे एक साधन रचले. कोणत्या दोन पॅकेजांच्या कोणत्या आवृत्त्या एकापाठोपाठ आल्या तर फाइल हरवू शकेल, हे ते आधीच शोधून काढी आणि संबंधित देखभालकर्त्याला दोषनोंद जाई. वहीला जे दिसत नव्हते ते तिच्या बाहेर राहून पाहण्याचा हा प्रयत्न होता. त्याच सप्टेंबरमध्ये डेबियनची वार्षिक जागतिक परिषद प्रथमच भारतात, कोची येथे भरली. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ प्रसिद्ध होईपर्यंत फाइली त्यांच्या खऱ्या मार्गांवर नोंदल्या गेल्या होत्या. बेल प्रयोगशाळेतील भरलेल्या चकतीचा हिशेब मिटण्यास अर्धशतक लागले.

या साऱ्या खटाटोपातून सुटण्याचा एक निराळा मार्गही आहे : सामायिक जागाच ठेवू नये. उट्रेख्त विद्यापीठात २००६ मध्ये एल्को डोल्स्ट्रा यांनी आपल्या प्रबंधात मांडलेल्या ‘निक्स’ या पद्धतीत प्रत्येक पॅकेज स्वतःच्या स्वतंत्र डिरेक्टरीत राहते. तिच्या नावात एक लांबलचक सांकेतिक अक्षरमाला असते आणि ती पॅकेज कोणकोणत्या घटकांपासून घडले त्यावरून काढलेली असते. घटक बदलला की नाव बदलते. दोन आवृत्त्या एकमेकींच्या अंगणात पाऊलच ठेवू शकत नाहीत. उच्च-ऊर्जा भौतिकीनेही गरजेपोटी असेच काही केले. सर्नच्या प्रयोगांची माहिती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि कोलकात्याच्या परिवर्ती ऊर्जा सायक्लोट्रॉन केंद्रातही तपासली जाते. तेथील विश्लेषणाला लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कितीतरी आवृत्त्या एकाच वेळी हाताशी असाव्या लागतात, कारण जुना निष्कर्ष जुन्या आवृत्तीवरच पडताळायचा असतो. म्हणून त्या आवृत्त्या यंत्राच्या सामायिक डिरेक्टऱ्यांत बसवल्याच जात नाहीत. ‘सीव्हीएम-एफएस’ या जालाधारित फाइल-प्रणालीतून प्रत्येक आवृत्ती आपापल्या मार्गावर, गरजेपुरती, वाचली जाते.

या मार्गालाही मोल द्यावे लागते. एका लायब्ररीत सुरक्षेचा दोष सापडला, तर सामायिक व्यवस्थेत एक फाइल बदलून काम भागते. स्वतंत्र घरांच्या वसाहतीत तिच्या प्रती जेथे जेथे असतील तेथे जावे लागते. शिवाय घरे कितीही वेगळी असली, तरी माणूस शेवटी ‘नोड’ एवढाच शब्द टंकतो. तो कोणत्या घराकडे न्यायचा हे कोणालातरी ठरवावेच लागते. भांडण संपत नाही, फक्त त्याची चावडी बदलते.

‘नोड’च्या भांडणाचे पुढे काय झाले, ते थोडक्यात असे. ‘एएक्स२५-नोड’ हे पॅकेज कालांतराने डेबियनमधून बाहेर पडले. २०१७ च्या उन्हाळ्यात तांत्रिक समितीने आपला पाच वर्षांपूर्वीचा निर्णय मागे घेतला : ज्याच्यासाठी नाव राखून ठेवले होते तो कार्यक्रमच आता भांडारात नाही, म्हणून नोड-जेएसने ते नाव वापरण्यास हरकत उरलेली नाही. डेबियन १० पासून ‘/यूएसआर/बिन/नोड’ ही खरी फाइल झाली. २०२५ मध्ये आलेल्या फेडोरा ४२ ने ‘बिन’ आणि ‘एसबिन’ही एकत्र केले, तशा रचनेत हे दोन ‘नोड’ शेजारी राहूच शकले नसते.

त्या पाच वर्षांत अनेकांनी आपल्या आज्ञावलींत ‘नोडजेएस’ असे लिहून ठेवले होते. त्यांचे अडू नये म्हणून ते नावही डेबियनने काढून टाकले नाही. डेबियन १२ च्या यंत्रावर ते आजही सापडते, ‘नोड’कडे बोट दाखवणारा एक निर्देशक म्हणून.